दखल कुणाची, दप्तर कुणाचं

२०१० साली केनियात ‘जस्ट अ बँड’ या वाद्यवृंदाच्या ‘हा-हे’ गाण्याचा व्हिडिओ आला. त्यातला मारधाड करणारा नायक म्हणजे मकमेंडे. नैरोबीत वाढलेल्यांना हे नाव लहानपणापासून पाठ. उगाच शौर्य मिरवणाऱ्या पोराला ते चिकटवलं जाई. बघता बघता देशभर मकमेंडेच्या विनोदांना ऊत आला. कुणीतरी इंग्रजी विकिपीडियावर नोंद केली, ती उडवली गेली. पुन्हा केली, पुन्हा उडाली. बऱ्याच झटापटीनंतर ती टिकली.

यात कुणाचा कावा होता, असं आम्हाला वाटत नाही. स्वतंत्र आणि विश्वासार्ह प्रकाशनांनी पुरेशी दखल घेतली असेल तरच विषय ‘उल्लेखनीय’, हा तिथला नियम. तो हवाच, नाहीतर चौकाचौकातल्या फ्लेक्सवरचे युवानेते उद्या ज्ञानकोशात जाऊन बसतील. पण ही प्रकाशनं असतात कुणाकडे? छापखाने, विद्यापीठं आणि वर्तमानपत्रं ज्यांच्या हाती, त्यांच्याकडे. आणि तिथेही सगळ्यांची दखल घेतली जातेच असं नाही. कॅनडाच्या भौतिकशास्त्रज्ञ डॉना स्ट्रिकलंड यांच्यावरच्या लेखाचा मसुदा मे २०१८ मध्ये संदर्भ अपुरे म्हणून नाकारला गेला. ऑक्टोबरात त्यांना नोबेल मिळालं!

ज्यांचं ज्ञान तोंडी, त्यांनी काय करायचं? २०११ मध्ये अचल प्रभला यांनी मल्याळम, हिंदी आणि दक्षिण आफ्रिकेतल्या सेपेडी भाषेत लोकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून तेच विकिपीडियावर संदर्भ म्हणून वापरून पाहिले. तो रस्ता काही रुळला नाही.

आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हँ यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यातल्या कितीतरी ओव्यांखाली आज गाणारीचं नाव आणि गाव वाचायला मिळतं. ओवी तीच, बाई तीच. पण नोंद झाली आणि पुराव्याला उभी राहिली. हे भाग्य सगळ्यांना कुठलं? वर्षानुवर्षं जत्रा गाजवलेल्या सोंगाड्याच्या नावावर फार तर एखादं पिवळं पडलेलं हँडबिल निघेल.

तेव्हा परक्यांच्या नियमांवर बोट ठेवताना थोडं स्वतःच्या माळ्यावरही पाहावं. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून शाहीर, गावं, बोली, कारागीर यांच्यावर आपल्या दिवाळी अंकांनी ढिगाने लिहिलं. विकिपीडियाला हवी असते ती छापील दखल हीच. पण मार्गशीर्ष सरतो न सरतो तोच अंक रद्दीवाल्याच्या तराजूत! सूची नाही, पान क्रमांक सापडत नाही. मग संदर्भ द्यायचा कशाचा?

म्हणून यंदाच्या आमच्या दिवाळी अंकात प्रत्येक व्यक्तिचित्राखाली गाव, साल आणि माहिती सांगणाऱ्याचं नाव आग्रहाने छापलं आहे. लेखकांनी थोडी कुरकुर केली, ती आम्ही ऐकून घेतली.

वाचकहो, अंक वाचून झाला की गावच्या वाचनालयात द्या. घरात जुने दिवाळी अंक असतील, तर मुखपृष्ठाचे आणि अनुक्रमणिकेचे फोटो आम्हाला पाठवा. सूची करायला आम्ही बसलो आहोत.