मानधन नको, पगार द्या

मंडळी, 1994 चा सप्टेंबर आठवतो ना? प्लेगच्या धास्तीने लाखो माणसं सुरत सोडून पळाली, कित्येक खाजगी डॉक्टरसुद्धा निघून गेले. साथीत दारात येणाऱ्या ओळखीच्या माणसाची किंमत तेव्हा कळली.

आज ते माणूस म्हणजे आशाबेन. लिंबायत-उधन्यात आपल्या खानदेशी घरांतून गरोदर सुनेची नोंद, बाळाच्या लशी, टीबीवाल्याच्या सहा महिन्यांच्या गोळ्या, सगळ्याचा पाठपुरावा तीच करते. पण 2005 साली योजना आली तेव्हापासून सरकारदरबारी ती ‘स्वयंसेविका’! पगार नाही, कामागणिक मोबदला. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला, आपण टाळ्या वाजवल्या. टाळ्यांनी किराणा भरतो का?

जन्मभर बँकेत हिशेब पाहिलेला माणूस म्हणून सांगतो: ठरलेलं काम आहे, रजिस्टर आहे, वर जाब विचारणारा साहेब आहे, मग ती नोकरीच. “अहो, सेवा आहे ती,” म्हणणाऱ्यांनी आधी स्वतःचं पेन्शन सोडून दाखवावं. मी तरी सोडणार नाही.

शाल-नारळ पुरे. आमदार-खासदार मतं मागायला आले की विचारा, आशाबेनला पगार आणि पीएफ कधी?