सतरा नावांचे घर

कोल्हापुरात अशी पुष्कळ कुटुंबे आहेत, की ज्यांचे ‘मूळ घर’ घाटाखाली आहे. दोन-तीन पिढ्या राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत राहून जिभेला तांबडा-पांढरा रस्सा चढलेला असतो. पण आडनावाच्या शेवटी ‘कर’ असतो आणि त्या ‘कर’च्या आधी कोकणातले एखादे गाव. वि. स. खांडेकरांनी १९२० पासून वेंगुर्ले तालुक्यातल्या शिरोड्याला मास्तरकी केली आणि १९३८ मध्ये ते कोल्हापूरला आले, ते इथलेच झाले. माझे वडील त्यांच्यामागून वीस वर्षांनी घाट चढले. ते लेखक नव्हते, कारकून होते. बाकी फरक नाही, असे लिहिण्याचा मोह आवरतो.

ही घाट चढलेली मंडळी हल्ली सुट्टीत गाडी काढतात आणि नातवंडांना ‘आपले घर’ दाखवून आणतात. या महिन्याच्या सुरुवातीला आम्हीही दोन गाड्या भरून आजरा, आंबोली, सावंतवाडी करत वेंगुर्ल्याला गेलो. मुलांना आंबोलीत थांबायची घाई, मला रस्त्याची कहाणी सांगायची. हा रस्ता इंग्रजांनी बेळगावची छावणी वेंगुर्ल्याच्या बंदराला जोडण्यासाठी उतरवला. त्याआधी सतराव्या शतकात डचांनी वेंगुर्ल्याला वखार घातली होती. पुढे १८८० नंतरच्या दशकात मुरगाव बंदर रेल्वेने घाटमाथ्याला जोडले गेले, माल तिकडून जाऊ लागला आणि वेंगुर्ल्याची बाजारपेठ ओसरली. उद्योग गेला की माणसे जातात. कोणी बोटीने मुंबईला गेले, कोणी घाट चढून कोल्हापूर-बेळगावला. घरे तेवढी जागच्या जागी राहिली.

आमचे घर जांभ्या दगडाचे, वर मंगलोरी कौले. पुढे पडवी, तुळशीवृंदावन, मागे विहीर. तिथे आता सत्तरी ओलांडलेल्या माझ्या चुलतवहिनी एकट्या राहतात. त्यांनी ओल्या काजूची उसळ आणि सोलकढी केली होती. मुलांनी विहिरीचे, माजघराचे, पणजोबांच्या फोटोचे फोनवर चित्रण केले. मग धाकट्या नातवाने विचारले, “हे घर आपलं आहे का?” वहिनी हसून म्हणाल्या, “घर सगळ्यांचा, पण कौला परतूक मी एकटी.”

जेवणानंतर त्यांनी पत्र्याच्या ट्रंकेतून कागद काढले. घराला मालक म्हणून सतरा नावे. त्यांतली पाच माणसे आज हयात नाहीत आणि त्यांच्या वारसांची नोंद कोणी केलेली नाही. आढ्याला वाळवी लागली आहे, दोन वासे बदलावे लागतील. दुरुस्तीसाठी वहिनी कर्ज मागायला गेल्या होत्या. सगळ्या सहमालकांच्या सह्या आणा, असे त्यांना सांगण्यात आले. हे वाक्य मी स्वतः चौतीस वर्षे टेबलाच्या अलीकडे बसून बोललो आहे आणि ते नियमाला धरूनच आहे. सामाईक घर तारण ठेवायचे तर गहाणखतावर प्रत्येक वाटेकरी हवा. नगरपरिषदेचा घरपट्टीचा उतारा कितीही वर्षे वहिनींनी भरलेल्या पैशाचा असला, तरी तो मालकीचा पुरावा ठरत नाही.

आता माझ्या वाट्याचा हिशेब पाहा. घर आजोबांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेले. आजी त्यांच्या आधी गेली आणि आजोबा १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा आल्यानंतर. त्यामुळे तीन मुलगे आणि दोन मुली मिळून पाच सारखे वाटे. वडिलांचा पाचवा हिस्सा आम्हा चार भावंडांत. म्हणजे माझा विसावा हिस्सा: पडवीतली झोपाळ्याची जागा, फार तर. तेवढ्या जागेच्या मालकाने सही अडवली, तर अख्ख्या घराचे छप्पर अडते.

यावर उपाय आहे आणि तो जुना आहे. ज्यांना तिथे राहायचे नाही त्यांनी जो राहतो त्या वाटेकऱ्याच्या नावे हक्कसोडपत्र करावे. ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागते. घरी बसून स्टँपपेपरवर लिहिलेली चिठ्ठी चालत नाही. घेणारा वाटेकरीच नसेल तर बक्षीसपत्र करावे लागते. इतपत साधे काम आहे. मात्र एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. आपल्याकडे हक्कसोडपत्र म्हटले की कागद घेऊन पहिल्यांदा बहिणींकडे जायची रीत आहे, तीही भाऊबीज गाठून! १९५६ च्या कायद्याने मुलीला वाटा दिला. पण घरातले पुरुष वाटणी करेपर्यंत तिला राहत्या घराची वाटणी मागता येत नव्हती. ती अट २००५ मध्ये निघाली. पन्नास वर्षांनी हातात आलेला हक्क तिने आधी सोडावा आणि भावांनी नंतर विचार करावा, हे मला पटत नाही. आधी आम्ही पुरुषांनी सोडावा. आत्यांच्या मुलींना त्यांचे पैसे हवे असतील तर तेही योग्य किमतीने द्यावेत.

कागदावरचे नाव गेले की गावाशी नाते तुटेल, असे आमचे एक चुलतबंधू म्हणतात. ते बावीस वर्षांनी वेंगुर्ल्याला आले होते. दुसरे कारण कोणी उघड बोलत नाही. २०२१ मध्ये याच तालुक्यात चिपीला विमानतळ झाला, जमिनीचे भाव बदलले आणि झोपाळ्याच्या जागेचीही किंमत वाटू लागली. पण वाळवी भाव पाहून थांबत नाही. जपानमध्ये २०२३ च्या पाहणीत सुमारे ९० लाख घरे रिकामी आढळली. त्यामागे कारणे अनेक. पण मालक मेला, वारस शहरात आणि नोंद कोणाचीच नाही, हे तिथेही मोठे दुखणे. शेवटी १ एप्रिल २०२४ पासून त्यांनी वारसनोंद तीन वर्षांच्या आत करणे कायद्याने सक्तीचे केले. आपल्याकडे आजोबा जाऊन चाळीस वर्षे झाली तरी त्यांच्या नावाचा कागद आपण देव्हाऱ्यात ठेवल्यासारखा जपतो.

परतताना गाडीतच मी सांगलीच्या बहिणीला फोन केला. ती म्हणाली, “तुम्ही दोघे भाऊ आधी सही करा, मग माझ्याकडे पेढे घेऊन या.” आमच्या दोघांच्या सह्या गेल्या सोमवारी वेंगुर्ल्याला जाऊन झाल्या. एक पुतण्या ऑस्ट्रेलियात आहे. तो मुखत्यारपत्र तिथल्या आपल्या वकिलातीत साक्षांकित करून पाठवणार आहे. मृत पाच जणांची वारसनोंद करायची आहे. बावीस वर्षांनी आलेले बंधू विचार करून कळवतो म्हणाले. मृग दोन आठवड्यांवर आला आहे. वहिनींनी यंदापुरती माजघरावर निळी ताडपत्री बांधून घेतली आहे आणि तिचे साडेतीन हजार रुपये मी देऊ केले, तेव्हा सतराने भागून पाठवा म्हणाल्या.