पिवळे प्लास्टिक पांढरे होते, नवे होत नाही

कोरे कापड पांढरे करण्यासाठी प्रोसेस हाऊसमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात, हे भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या प्रत्येक कापड व्यापाऱ्याला ठाऊक आहे. हेच रसायन जुन्या व्हॅक्यूम क्लिनरच्या पिवळ्या पडलेल्या प्लास्टिकवरही चालते, हे आम्हाला मात्र फार उशिरा समजले, आणि तेही नुकसान सोसून. ते नुकसान इतर बांधवांच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे चार शब्द.

आमचा एक भाचा मुंबईत विजेच्या जुन्या वस्तू दुरुस्त करून विकतो. एके दिवशी तो आमच्याकडे येऊन म्हणाला, "मामू, तुम्ही कापड ज्याने पांढरे करता ते पाणी मला थोडे मिळवून द्या." आम्ही एका ओळखीच्या ठिकाणाहून त्याला एक कॅन मिळवून दिला. माल पन्नास टक्क्यांचा होता. तो किती पातळ करायचा आणि कशात ओतायचा, हे आम्ही सांगितले नाही. त्याने तो लोखंडी घमेल्यात ओतला, वर व्हॅक्यूम क्लिनरचे झाकण ठेवले आणि हातमोजे न घालता काम सुरू केले. पाणी उकळल्यासारखे फसफसले, झाकणावर पांढरे-पिवळे पट्टे उमटले आणि पोराची तीन बोटे भाजून पांढरी पडली. चूक त्याची कमी, आमची जास्त. आम्ही त्याला माल दिला, पण इल्म दिला नाही.

आधी हा पिवळेपणा काय आहे ते समजून घेऊ. सुरुवातीचे व्हॅक्यूम क्लिनर धातूचे असत. हूव्हर कंपनीच्या 1936 सालच्या 150 नंबरच्या मॉडेलला बेकेलाइटचे झाकण होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एबीएस नावाचे प्लास्टिक मोठ्या प्रमाणावर वापरात आले. आपल्याकडे 1982 साली युरेका फोर्ब्स सुरू झाली, तिचे विक्रेते दारोदार फिरले आणि मध्यमवर्गीय घरांत हे यंत्र पोहोचले. त्या काळातली कितीतरी यंत्रे आज माळ्यावरून उतरून जुन्या बाजारात येत आहेत. मोटर चांगली असते, पण अंग हळदीत बुडवल्यासारखे पिवळे असते आणि गिऱ्हाईक नाक मुरडते.

एबीएसमध्ये तीन घटक असतात. त्यांतला ब्युटाडाइन हा रबरासारखा घटक प्लास्टिकला चिवटपणा देतो. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन या घटकावरच हल्ला करतात. त्यातून जे नवे पदार्थ तयार होतात, ते डोळ्याला पिवळे दिसतात. म्हणजे हा पिवळेपणा वरून बसलेली घाण नव्हे, प्लास्टिकच्या अंगातच झालेला बदल आहे. म्हणून साबणाने तो जात नाही. सिगारेटच्या धुराचा किंवा स्वयंपाकघरातल्या तेलाचा थर असेल तर तो साबणाने निघतो, म्हणून पहिले काम धुण्याचेच. धुऊन झाल्यावर धुळीची पिशवी बसते ती आतली बाजू उघडून पाहावी. तिथे ऊन पोहोचत नाही, त्यामुळे मूळ रंग बहुधा तिथे सापडतो आणि आपल्याला कुठवर पोहोचायचे आहे ते कळते.

2008 साली परदेशातल्या जुन्या संगणकांच्या शौकिनांनी पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाश वापरून पिवळे प्लास्टिक पांढरे करण्याची रीत बसवली आणि तिला रेट्रोब्राइट असे नाव दिले. जुन्या व्हॅक्यूम क्लिनरचे शौकीनही ती वापरतात. या यंत्रांचे शौकीन थोडे नाहीत. अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या सेंट जेम्स गावी तर व्हॅक्यूम क्लिनरचे स्वतंत्र संग्रहालय आहे.

आता कारागिरांसाठी रीत. यंत्र पूर्ण उघडावे. मोटर, स्विच, वायर, धातूचे भाग, रबर आणि कंपनीची लेबले वेगळी करावीत. तीन ते सहा टक्क्यांचे पेरॉक्साइड पुरते. केस रंगवणारे बारा टक्क्यांची क्रीम वापरतात, तीही चालते, पण उन्हात ती वाळली की पट्टे पडतात. म्हणून सुटा भाग पूर्ण बुडेल असे भांडे घेणे बरे. भांडे प्लास्टिकचे किंवा काचेचे हवे. लोखंड किंवा तांबे लागले की पेरॉक्साइड भडकते. ब्लीचिंगच्या टाकीत लोखंडाचा गंज पडला तर कापडाला भोके पडतात, हे आपल्या कापडवाल्यांनी पाहिलेलेच आहे. भांडे उन्हात ठेवावे आणि भाग अधूनमधून फिरवावा. काही तासांपासून दोन-तीन दिवसांपर्यंत वेळ लागतो. ऊन नसेल तर पन्नास-साठ अंशांच्या कोमट पाण्यातही काम होते. कापडासारखे उकळू मात्र नये, प्लास्टिक वाकडे होईल. झाकण घट्ट लावू नये, आत वायू साठून भांडे फुटते. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय हात लावू नये. ब्लीचिंग पावडर तर मुळीच वापरू नये. रंगीत प्लास्टिक असेल तर आधी आतल्या कोपऱ्यावर तपासून पाहावे, कारण मूळ रंगही उडू शकतो. बेकेलाइटला हा उपाय लागू नाही, ते वेगळ्या जातीचे आहे.

इथवर हुन्नराची गोष्ट झाली. आता व्यापाराची.

पेरॉक्साइड पिवळा रंग मारते, पण झिजलेला ब्युटाडाइन परत आणत नाही. कापड जास्त ब्लीच झाले की दिसायला दुधासारखे, पण हाताने ओढले की टरकन फाटते. प्लास्टिकचेही तसेच समजावे. रंग आला म्हणून ताकद आली नाही. शिवाय पिवळेपणा पुन्हा येऊ शकतो, आणि कपाटात ठेवलेल्या वस्तूंवरही तो परतल्याचा अनुभव लोकांना आहे.

आमच्या भाच्याने पुढे रीत शिकून एक यंत्र असे पांढरे केले की आम्हीसुद्धा फसलो असतो. ते चांगल्या भावाने गेले. दुसऱ्या पावसाळ्यात गिऱ्हाईक परत आले. झाकण पुन्हा पिवळसर झाले होते आणि बंद करण्याची क्लिप तुटली होती. गिऱ्हाइकाने एकच विचारले, "हे धुऊन पांढरे केले आहे, हे त्या वेळी का सांगितले नाही?" भाच्याकडे उत्तर नव्हते. त्याने पैसे परत केले. आमच्या मते त्याने बरोबर केले. खोटे तो बोलला नव्हता, गप्प राहिला होता. पण मालातला ऐब माहीत असून गप्प राहणे हे दुकानदारीत खोटे बोलण्याच्याच घरचे आहे.

काही जण म्हणतात की पिवळे तसेच ठेवा, तीच वस्तूच्या वयाची निशाणी. काही जण वर सरळ पांढरा रंग मारतात. आमचे मत असे आहे की रोज घरात वापरायचे यंत्र असेल तर खुशाल पांढरे करावे, त्यात कमीपणा नाही. संग्रहासाठी घेणारा असेल तर आधी त्याला विचारावे. रंग मात्र मारू नये, कारण त्याखाली भेगही लपते. आणि जे काही केले असेल ते बिलावर लिहून द्यावे: "प्लास्टिक पेरॉक्साइडने उजळवले आहे, पिवळेपणा परत येऊ शकतो." एवढ्या एका ओळीने भाव थोडा पडेल, पण गिऱ्हाईक भांडायला न येता दुसरे यंत्र घ्यायला येईल.

आणखी एक गोष्ट. वरून पांढरे शुभ्र दिसणाऱ्या यंत्राची वायर आतून तडकलेली असू शकते. गिऱ्हाईक रंग पाहते, कारागिराने वायर पाहावी. अमेरिकेतून आलेले यंत्र 120 व्होल्टचे असते, ते आपल्या 230 व्होल्टवर थेट लावले तर जळून जाईल. रंग उजळवण्याआधी हे तपासले नाही, तर पुढची सारी मेहनत व्यर्थ आहे.

जुन्या वस्तूंचा धंदा आपल्या कितीतरी बांधवांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या आहे. नव्या वस्तूची गॅरंटी कंपनी देते, जुन्या वस्तूची गॅरंटी म्हणजे दुकानदाराची जबान. भाच्याच्या बोटांवरचे डाग गेले. पण ते गिऱ्हाईक नंतर त्याच्या दुकानात आले नाही, आणि त्याने आणखी किती जणांना येऊ दिले नाही, याचा हिशेब कुठल्याही वहीत मांडता येत नाही.