गल्ली बघायला आलेले पाहुणे

अमेरिकेत मुलाकडे किंवा लेकीकडे जाऊन आलेल्या सोलापूरच्या आईवडिलांच्या मोबाइलमध्ये एक फोटो बहुधा सापडतोच. लाल विटांचा नागमोडी उतार, कडेला फुलांचे वाफे आणि त्यामधून रांगत उतरणाऱ्या मोटारी. ही सॅन फ्रान्सिस्कोतली लोंबार्ड स्ट्रीट. रशियन हिल नावाच्या टेकडीवर, हाइड आणि लेव्हनवर्थ या दोन रस्त्यांच्या मधला एवढासा तुकडा. मूळ चढ २७ टक्क्यांचा. त्या काळच्या मोटारींना तो झेपत नव्हता, म्हणून १९२२ मध्ये त्याला आठ वळणे दिली गेली. सोय केली होती तिथे राहणाऱ्यांची. जग बघायला येऊ लागले ते नंतर, आणि आता ही संख्या वर्षाला २० लाखांच्या घरात आहे. त्या वाफ्यांमागे माणसे राहतात, हे मात्र फोटोत दिसत नाही.

या माणसांची तक्रार आपल्याकडच्या कुठल्याही यात्रेच्या गावात ऐकू यावी अशीच आहे. गाड्यांची रांग खालच्या चौकापर्यंत जाते, स्वतःची गाडी घराबाहेर काढता येत नाही, पायऱ्यांवर कचरा पडतो आणि गर्दीमागोमाग चोर येतात. म्हणून २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने एक विधेयक मंजूर केले. या रस्त्यावरून गाडी न्यायची असेल तर आधी नोंदणी करा आणि शुल्क भरा, असा नियम करायची मुभा त्याने शहराला मिळणार होती. पाच ते दहा डॉलर असा आकडा चर्चेत होता. गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी ऑक्टोबरमध्ये ते नामंजूर केले. पैसे देण्याची ऐपत असो वा नसो, अशी जागा सगळ्यांना खुली असली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते.

तत्त्व म्हणून हे पटते. रस्ता करदात्यांच्या पैशाने बांधलेला असतो. त्यावर आज एका गल्लीने नाका बसवला तर उद्या दुसरी बसवेल, आणि शहराच्या सुंदर भागांत फक्त खिसा जड असलेलेच फिरतील. पण इथे शुल्क गाडीला होते, पायी येणाऱ्याला नव्हते. बघण्यावर पैसे लावणे आणि दुसऱ्याच्या दारासमोर इंजिन चालू ठेवून ताटकळण्यावर पैसे लावणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गव्हर्नरांनी त्या एकत्र केल्या असे मला वाटते. अर्थात गुडघे धरलेल्या सोलापूरच्या आजींना त्या चढावर पायऱ्यांनी जायला सांगणे सोपे नाही, त्यांना मोटारच हवी. म्हणजे पायी येणारा तेवढा सज्जन आणि गाडीतून येणारा त्रासदायक, इतकी साधी विभागणीही चालत नाही.

त्याच राज्यात लॉस एंजेलिसच्या डोंगरउतारावर आणखी बोलके उदाहरण आहे. जगप्रसिद्ध ‘हॉलिवूड’ ही पाटी १९२३ मध्ये उभारली तेव्हा तिच्यावर ‘हॉलिवूडलँड’ असे लिहिलेले होते आणि ती सिनेमाची नव्हे, त्याच डोंगरातले प्लॉट विकण्याची जाहिरात होती. प्लॉट विकले गेले, घरे झाली, पाटी राहिली. पुढे पाटी बघायला येणाऱ्यांनी त्या घरांच्या अरुंद रस्त्यांत इतकी दाटी केली की रहिवासी वर्षानुवर्षे भांडत आहेत. २०१७ मध्ये पाटीकडे जाणारी एक पायवाट महापालिकेने बंद केली. गंमत म्हणजे ती रहिवाशांच्या तक्रारीमुळे नव्हे, तर शेजारच्या घोड्यांच्या तबेल्याने घातलेल्या दाव्याच्या निकालामुळे. जाहिरात करून मोकळे होणाऱ्याला पुढच्या गर्दीचा हिशेब द्यावा लागत नाही. तो द्यावा लागतो तिथे राहणाऱ्याला.

सोलापूरला टेकडी नाही. गाव सपाट, माळरानावरचे. पण हा हिशेब आता आपल्यालाही करावा लागेल, कारण जाहिरातीची वेळ आपली आली आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत मुंबईची वंदे भारत सुरू झाली, २०२५ च्या जूनमध्ये गोव्याचे विमान. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर या तिन्ही ठिकाणी जाणारी लाखो माणसे सोलापूरवरून जातात, पण सोलापुरात राहत नाहीत. ती एक दिवस तरी इथे मुक्कामाला थांबावीत, अशी इच्छा हॉटेलवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांची आहे आणि ती रास्त आहे. थांबली तर दाखवायचे काय? भुईकोट किल्ला, सिद्धेश्वरांचे देऊळ आणि तलाव. आणि मग प्रत्येकाच्या तोंडी तिसरे नाव येते ते चादरीचे. चादर बघायची म्हणजे पूर्व भागात जायचे. साखर पेठ, कन्ना चौक, अशोक चौक. म्हणजे लोकांच्या घरांत.

या भागात आजही ‘खाली माग, वर घर’ अशी वस्ती आहे. तेलुगू बोलणारा पद्मशाली समाज इथे पिढ्यान्‌पिढ्या विणतो आहे. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महाराजांचा रथ निघतो तेव्हा हा सगळा भाग रस्त्यावर येतो. हातमाग गेले, यंत्रमाग आले, चादरीपेक्षा टॉवेल जास्त निघू लागले. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरीही देशभरातल्या दुकानांत सोलापुरी म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी चादरी पानिपतहून येतात. जकाटवर (जकार्ड मागावर) नक्षी कशी उतरते हे ज्याने एकदा डोळ्यांनी पाहिले आणि मागाजवळ उभे राहून चादर हातात घेतली, त्याला पुन्हा नक्कल खपवणे कठीण. पाहुणे आणण्याच्या बाजूचा हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे आणि तो नुसता भावनेचा नाही. मधले दोन-तीन हात वगळून पैसा थेट विणणाऱ्याकडे जाण्याची ही मोजक्या वाटांपैकी एक वाट आहे. बापाचा माग मुलाला नको झाला आहे, त्याला पुण्याला जायचे आहे. आपले काम बघायला कुणी तिकीट काढून येते, हे दिसले तर त्यातला एखादा थांबेलही. एखादाच, पण थांबेल.

आता दुसरी बाजू. अक्कलकोट रोड एमआयडीसीत १८ मे २०२५ रोजी टॉवेलच्या एका कारखान्याला पहाटे आग लागली आणि ८ माणसे गेली. मालकाच्या कुटुंबातली आणि कामगाराच्या कुटुंबातलीही, कारण दोघेही तिथेच राहत होते. जिथे राहणाऱ्यालाच आगीतून बाहेर पडता येत नाही, तिथे वीस पाहुण्यांची टोळी आत नेणे हा आतिथ्याचा प्रश्न उरत नाही. सूत, कापसाची धूळ, जुनी वायरिंग, एकच जिना. आधी जिना, मग पाहुणे, एवढा तरी क्रम ठरायला हवा.

आणि याच भागात विड्या वळणाऱ्या बायका आहेत. सूप मांडीवर घेऊन, दारात बसून, दिवसभर. सोलापूरच्या एप्रिलमध्ये दार उघडे असते ते वाऱ्यासाठी आणि उजेडासाठी. ते आमंत्रण नसते. पण कॅमेरा घेऊन आलेल्या माणसाला उघडे दार म्हणजे परवानगी वाटते, आणि विडी वळणारी बाई हा त्याला चादरीपेक्षा ‘चांगला’ फोटो वाटणार, हे मी आत्ताच सांगून ठेवतो. चादर विकत घेता येते, म्हणून विणकराला पाहुण्याचा काही उपयोग तरी आहे. विडीवाल्या बाईला हजारामागे ठरलेली मजुरी मिळते. तिला बघणाऱ्याकडून तिच्या पदरात काही पडत नाही. उलट मान वर करायची, ओढणी सावरायची, मोजणी चुकवायची. मुंबईत धारावीच्या पायी फेऱ्या बरीच वर्षे चालू आहेत. त्यांतल्या काही आयोजकांनी फोटो काढायचा नाही असा नियम ठेवला आहे आणि नफ्याचा भाग वस्तीतल्या कामांना देतात. तरीही गरिबी दाखवून पैसे मिळवणे बरोबर की चूक, हा वाद तिथे मिटलेला नाही. मिटूही नये.

मग नाका बसवून पैसे घ्यायचे का? महाराष्ट्रात याचे उत्तर देणारी डोंगरावरची गावे आहेत. माथेरानला मोटार दस्तुरी नाक्यालाच थांबते आणि आत जाणारा प्रवासी नगरपरिषदेला कर देतो. तिथे ते चालते, कारण गावाला एकच तोंड आहे आणि कर त्याच गावाच्या नगरपरिषदेकडे जातो. तरीही माथेरान आदर्श म्हणून दाखवावे अशी स्थिती नाही. माणसाने माणसाला ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असे २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. मोटारबंदीने हवा स्वच्छ राहिली, पण तिची किंमत कुणाच्या तरी पाठीने मोजली. पन्हाळ्याची गोष्ट निराळी. मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत पन्हाळा आहे, आणि पन्हाळ्यावर माणसे राहतात. गौरवाच्या आधी तिथे धास्ती पोहोचली होती: आता घर दुरुस्त करू देतील का, की उठवतील? प्रशासनाने तसे काही होणार नसल्याचे सांगितले. पण ते सांगण्याची वेळ आली, याचाच अर्थ आधी कुणी विचारले नव्हते. पंढरपुरात मंदिराभोवतीच्या कॉरिडॉरवरून जे चालले आहे, त्याच्या मुळाशीही हीच अढी आहे. येणाऱ्यांसाठी आराखडा झाला, राहणाऱ्यांना तो नंतर दिसला.

तुळजापूर मात्र बघण्यासारखे आहे, आणि ते आपल्यापासून ४५ किलोमीटरवर. बालाघाटच्या उतारावरचे गाव, देवळाकडे पायऱ्या उतरून जायचे. आश्विन पौर्णिमेला सोलापूरहून चालत जाणाऱ्यांना हा रस्ता पाठ आहे. नवरात्रात तिथल्या गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नसते आणि गावाला त्रास होत नाही असे कुणी म्हणणार नाही. पण तिथे एक जुनी व्यवस्था आहे: घराण्याघराण्याचे पुजारी ठरलेले, आणि भाविक त्यांच्याच घरी उतरतो. म्हणजे तो गल्लीत शिरतो तो कुणाचा तरी पाहुणा म्हणून. कुणाच्या ओटीवर चपला काढायच्या, जेवण कुठे, दक्षिणा कुणाला, सगळे ठरलेले. यात व्यवहार आहे, घासाघीसही आहे, त्याला फार सोवळे ठरवायचे कारण नाही. पण अनोळखी माणूस तिथे बघ्या राहत नाही. लोंबार्ड स्ट्रीटवरच्या २० लाखांपैकी एकालाही त्या रस्त्यावरच्या एका घराचे नाव ठाऊक नसते. फरक एवढ्या एका गोष्टीत आहे.

आपल्या शहरालाही हे परके नाही. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात, तेव्हा ते जुन्या गावातल्या बोळांतूनच जातात आणि हजारो बाहेरचे लोक घराघरांच्या कट्ट्यांवर उभे असतात. त्या दिवशी कुणी ‘आमच्या दारात का उभे’ म्हणत नाही, कारण यात्रा त्या घराचीही असते. आणि ज्यात आता कुणी राहत नाही असे घर दाखवायचे असेल, तर भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे घर आहे. १९१० मध्ये सोलापुरात जन्मलेला हा डॉक्टर १९४२ मध्ये चीनमध्ये वारला. त्याचे घर आज स्मारक आहे आणि चिनी पाहुणे ते शोधत येतात. सोलापूरकर मात्र त्यासमोरून स्टेशनला जातात.

माझे मत सोलापूरने पाहुणे बोलवावेत याच बाजूचे आहे. गर्दीच्या भीतीने दार लावून घेण्याइतके आपण श्रीमंत नाही, आणि रशियन हिलच्या रहिवाशांची तक्रार उसनी आणून इथे वापरणे हास्यास्पद होईल. तिथे लोक जास्त येतात म्हणून भांडण आहे, इथे येत नाहीत म्हणून. पण पूर्व भाग नकाशावर टाकायचा तर गल्ल्यांची नावे न देता, स्वतःहून तयार असलेल्या मागवाल्यांची नावे देऊन टाकावा. ज्यांच्या शेडला दुसरी वाट आणि आग विझवायची साधने आहेत अशांचीच. बस अशोक चौकाच्या आत जाऊ नये. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी रिक्षा आहेत, आणि रिक्षावालाही सोलापूरचाच आहे. प्रवेशशुल्क रस्त्यावर नको, मागावर घ्यावे आणि ते विणकराने ठेवावे. विडी वळणाऱ्या बायकांचे दार कुठल्याही माहितीपत्रकात, कुठल्याही रीलमध्ये ‘सोलापूरचे वैशिष्ट्य’ म्हणून येता कामा नये. त्यांच्या कामाबद्दल सांगायचे असेल तर मजुरीच्या आकड्यासह सांगा.

यातले काही नियम पाळले जातील, काही नाहीत; रीलवाल्यांना कोण आवरणार, हा आक्षेप खरा आहे. तरीही नकाशा छापणाऱ्याच्या हातात एक गोष्ट नक्की आहे. महापालिकेने आणि पर्यटनवाल्यांनी पहिले पत्रक छापण्याआधी साखर पेठेत आणि अशोक चौकात बैठक बोलवावी. ती संध्याकाळी पाळी सुटल्यावर व्हावी, बायकांना येता येईल अशा वेळी व्हावी, आणि मराठीबरोबर तेलुगूतही व्हावी. एखादी गल्ली ‘नको’ म्हणाली, तर तिचे नाव त्या पत्रकात छापू नये.