वडील कोणाचे?

मराठी बायबलने मंडळीच्या नेत्यासाठी ‘वडील’ हा शब्द निवडला आणि नेतृत्वाला नकळत घरातल्या उतरंडीचा अर्थ चिकटला, असे आम्हांस वाटते. घरात वडिलांकडे कोणी हिशेब मागत नाही. पौल मात्र इफिसच्या वडिलांवर कळपाच्या राखणीची जबाबदारी टाकतो, आणि पेत्र त्यांना धनीपणा करू नका म्हणून बजावतो.

मराठी मंडळीचा इतिहास या शब्दाच्या दोन अर्थांमधील ओढाताणीचा आहे. निजामाच्या राज्यातल्या औरंगाबादेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रतनजी नवरोजी या पारशी ख्रिस्ती पाळकाने चर्च मिशनरी सोसायटीचे काम सांभाळले. एतद्देशीय माणूस मंडळी सांभाळू शकतो, हे तेव्हाच दिसले होते. तरी नेमणुकीची व पैशाची सूत्रे मिशनकडेच राहिली. हीच परावलंबी व्यवस्था नारायण वामन टिळकांना सलत होती. १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारला.

पुढे मिशनरी गेले. १९७० साली नागपुरात ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले आणि सूत्रे आपल्या हाती आली. आता दोष परक्यांवर ढकलता येणार नाही. आजच्या छत्रपती संभाजीनगरातील असो वा अहिल्यानगरमधील, वडीलपणाला मुदत असावी, त्यात स्त्रियांचा वाटा असावा आणि जमाखर्च भर मंडळीत वाचला जावा. हिशेब विचारणाऱ्या सभासदाला उद्धट ठरवणारी मंडळी टिळकांचे नाव आदराने घेते, पण त्यांचा प्रश्न टाळते.