दहा वर्षांच्या मुदतीचा कायदा

आमच्या लष्करातील एक वयोवृद्ध स्नेही आणि त्यांच्या पत्नी अमेरिकेत कन्येकडे सहा महिने राहून नुकतेच परतले. भेटीस गेलो तेव्हा प्रवासाचे, बर्फाचे, तिकडल्या गणेशोत्सवाचे वर्णन झाले. चहा झाल्यावर ते जरा थांबले आणि म्हणाले, "हेडमास्तर, तुम्हांला एक विचारायचे आहे." त्यांची नात सात वर्षांची. एके दुपारी ती बाहुल्या मांडून शाळा-शाळा खेळत होती. आता ही बाहुल्यांकडून पाढे म्हणवून घेणार, असे आजोबांना वाटले. तिने खोलीतला दिवा मालवला, दाराला खुर्ची लावली, खिडकीतून दिसणार नाहीत अशा बेताने बाहुल्या कोपऱ्यात बसवल्या आणि ओठांवर बोट ठेवून त्यांना बजावले, "कोणी रडायचे नाही. बाई सांगतील तोवर कोणी हलायचे नाही." हे सांगून आजोबांनी मला विचारले, "इतकी वर्षे तुम्ही वर्गात मुलांना गप्प बसवीत आलात. असे गप्प कधी बसवले होते का?"

मी नाही म्हणालो. आग लागली वा भूकंप झाला तर वर्गाबाहेर कसे पडावे, एवढेच आम्ही शाळेत शिकवतो. बंदूकधारी माणूस शाळेत शिरला तर अंधारात नि:शब्द कसे बसावे, याची तालीम अमेरिकेतील बहुतेक शाळांतून होते. आपल्यापैकी अनेकांची नातवंडे त्या शाळांत शिकतात. म्हणूनच, ही वेळ टाळण्यासाठी त्या देशाने कोणता कायदा केला, तो कसा गेला आणि पुन्हा का होत नाही, हे आपणही समजून घ्यावे असे मला वाटते.

प्रश्न आहे अर्ध-स्वयंचलित बंदुकांचा. साध्या जुन्या रायफलीत एक गोळी सुटली की खटका मागे ओढून पुढचे काडतूस हाताने नळीत आणावे लागते. पूर्ण स्वयंचलित बंदुकीचा चाप दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात. अर्ध-स्वयंचलित बंदूक या दोहोंच्या मधली. चाप एकदा ओढला की गोळी एकच सुटते. परंतु त्या स्फोटाच्याच जोरावर रिकामे काडतूस बाहेर पडून नवे आपोआप जागेवर येते. बोट जितक्या वेगाने हलेल तितक्या वेगाने गोळ्या सुटतात. तिला तीस गोळ्यांचे मॅगझीन जोडले, तर एकटा माणूस काही क्षणांत किती अनर्थ करू शकतो, हे निराळे सांगावयास नको.

१७ जानेवारी १९८९ रोजी कॅलिफोर्नियातील स्टॉक्टन गावी एका प्राथमिक शाळेच्या मैदानावर अशाच बंदुकीने पाच मुलांचा बळी घेतला. युद्धाला कंटाळून कंबोडिया आणि व्हिएतनाम सोडून आलेल्या निर्वासितांची ती लेकरे होती. त्याच वर्षी कॅलिफोर्निया राज्याने अशा बंदुकांवर निर्बंध घातले. राष्ट्रीय कायदा होण्यास १९९४ साल उजाडले. त्यासाठी झटल्या सिनेटर डायॅन फाइनस्टाइन. १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरभवनात महापौर आणि एक नगरसदस्य यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा त्या तेथे होत्या. त्या नगरसदस्याचा निष्प्राण देह प्रथम त्यांनाच दिसला होता. प्रतिनिधिगृहात हे विधेयक २१६ विरुद्ध २१४ अशा अवघ्या दोन मतांच्या फरकाने तरले आणि १३ सप्टेंबर १९९४ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी कायद्यावर सही केली.

हे यश मिळविण्यासाठी जी तडजोड करावी लागली, तिच्यातच कायद्याचे अपयश दडलेले होते. त्याने १९ बंदुका नावानिशी वर्ज्य ठरविल्या. उरलेल्या ओळखण्यासाठी बाह्य खुणा सांगितल्या : दुमडता येणारा दस्ता, पिस्तुलासारखी मूठ, नळीच्या टोकाशी संगीन बसविण्याची सोय, आणि अशाच काही. मॅगझीन बदलता येणाऱ्या रायफलीत यांपैकी दोन खुणा आढळल्या तर ती निषिद्ध. मग कारखानदारांनी एखादी खूण काढून टाकली आणि आतील यंत्र तसेच ठेवून तीच बंदूक नव्या नावाने बाजारात आणली. दहाहून अधिक गोळ्यांच्या नव्या मॅगझीनांवरही बंदी आली. परंतु कायद्यापूर्वी बनलेल्या बंदुका आणि मॅगझीने बाळगण्यास व विकण्यास मोकळीक राहिली. शेवटचे कलम असे की, दहा वर्षांनी हा कायदा आपोआप संपावा.

शाळेतल्या माणसाला हे नीट कळते. वर्गात दंगा होऊ नये म्हणून आपण नियम केला. जे आधीपासून दंगा करीत होते त्यांना सूट दिली. दंगा ओळखावयाचा तो सदऱ्याच्या रंगावरून. आणि सहामाही परीक्षेनंतर हा नियम राहणार नाही, असेही फळ्यावर लिहून ठेवले. अशा नियमाचा उपयोग किती झाला, यावर पुढे वाद झाला तर नवल नाही. अमेरिकेतील अभ्यासकांत आजही त्यावर एकमत नाही. १३ सप्टेंबर २००४ रोजी मुदत भरली, आणि कायदा संपला.

१४ डिसेंबर २०१२ रोजी कनेटिकट राज्यात न्यूटाउन येथील सँडी हुक शाळेत २० बालके आणि सहा मोठी माणसे मारली गेली. ती बालके सहा-सात वर्षांची होती. फाइनस्टाइनबाईंनी पुन्हा विधेयक आणले. १७ एप्रिल २०१३ रोजी सिनेटमध्ये ते ४० विरुद्ध ६० मतांनी पडले. २४ मे २०२२ रोजी टेक्सासमधील युव्हाल्डे येथे १९ मुले आणि दोन शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. त्या वर्षी २९ जुलैला प्रतिनिधिगृहाने २१७ विरुद्ध २१३ मतांनी बंदी मंजूर केली, पण सिनेटमध्ये ती अडली. २०२३ च्या आरंभी फाइनस्टाइन यांनी तेच विधेयक आणखी एकदा मांडले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात, नव्वदाव्या वर्षी, त्या निवर्तल्या. विधेयक होते तेथेच राहिले.

विरोधकांचे म्हणणे अगदीच टाकाऊ आहे असे मी मानीत नाही. १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने नागरिकांचा शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केला, आणि तो व्यक्तीचा हक्क आहे असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले. ज्या शेतकऱ्याच्या घरापासून पोलीसचौकी तासाभराच्या अंतरावर आहे, त्याला बंदूक हा आधार वाटतो. बंदुकीने होणाऱ्या बहुसंख्य हत्या रायफलींनी होत नसून पिस्तुलांनी होतात, हेही खरे. आणि ज्या कायद्याने बाह्य खुणांवरून बंदूक ओळखली त्याला हे लोक हसले, तर त्यांना दोष तरी कसा द्यावा? तथापि यातून निघणारा न्याय्य निष्कर्ष, कायदा अधिक नेमका करावा, हा आहे. तो करूच नये, असे यावरून सिद्ध होत नाही.

इतर देशांनी तो नेमका केला. २८ एप्रिल १९९६ रोजी ऑस्ट्रेलियातील पोर्ट आर्थर येथे ३५ माणसे मारली गेली. शस्त्रांचा विषय तेथे राज्यांच्या अधिकारातला. तरीही पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी अवघ्या बारा दिवसांत सर्व राज्यांना एका करारावर आणले. त्यांच्या आघाडीचा मोठा मतदार ग्रामीण होता आणि तो खवळला होता. एका सभेत तर त्यांनी कोटाच्या आत चिलखत घालून बंदूकधारकांपुढे भाषण केले. अर्ध-स्वयंचलित रायफली सामान्य नागरिकासाठी वर्ज्य झाल्या. जुन्यांना सूट मिळाली नाही. शासनाने त्या मोबदला देऊन विकत घेतल्या आणि त्यासाठी सर्व करदात्यांवर तात्पुरता जादा कर बसविला. साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका अशा रीतीने जमा होऊन नष्ट झाल्या. १५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथील दोन मशिदींत ५१ जणांची हत्या झाली. मृतांत काही भारतीयही होते. तेथील संसदेने १० एप्रिल रोजी ११९ विरुद्ध १ मताने असाच कायदा केला आणि बंदुका परत विकत घेतल्या.

यामुळे त्या देशांतून दुष्टबुद्धी नाहीशी झाली असे मात्र कोणी समजू नये. डिसेंबर २०२५ मध्ये सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर सण साजरा करणाऱ्या ज्यू कुटुंबांवर गोळीबार होऊन पंधरा जण प्राणास मुकले. मात्र त्यानंतर तेथील शासनाने कायदा निरुपयोगी ठरला असे म्हटले नाही. बंदुका पुन्हा विकत घेण्याची नवी योजना जाहीर केली. घराचे छप्पर एकदा घातले म्हणून भागत नाही, दर पावसाळ्यापूर्वी ते शाकारावे लागते. कायद्याचेही तसेच आहे.

हे लिहिताना मी ग्वाल्हेरात बसलो आहे, याचे मला विस्मरण झालेले नाही. चंबळच्या या मुलखात खांद्यावरची बंदूक ही मिशीइतकीच प्रतिष्ठेची खूण. सुदैवाने आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे बंदूक हा हक्क नाही. तिला परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला बाळगता येणाऱ्या बंदुका तीनांवरून दोनांवर आणल्या, आणि आनंदाच्या भरात निष्काळजीपणे गोळीबार करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास वा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली. तरीही लग्नसराईत वरातीतल्या गोळीने कोणी बँडवाला, कोणी गच्चीतून वरात पाहणारे लेकरू घायाळ झाल्याचे आपण वाचतोच. दुसऱ्याला शिकवण्याइतके आपण शहाणे नाही.

पण एक गोष्ट येथे दर निवडणुकीत घडते. आचारसंहिता लागली की परवानाधारक आपली बंदूक ठाण्यात जमा करतात आणि पावती घेऊन घरी येतात. मिशा जागच्या जागी राहतात, कोणाचे स्वातंत्र्य बुडाले असे कोणी म्हणत नाही. सर्वांच्या निर्भयतेसाठी आपण थोडे रिकामे व्हावे, एवढी समज आमच्या या रांगड्या मुलखालाही आहे.

समाजात बंधन कोणावर तरी येतेच. मोठ्यांनी ते स्वीकारले नाही, तर ते नाहीसे होत नाही. खाली उतरते आणि ज्याला मत नाही, ज्याला नकार देता येत नाही, अशाच्या खांद्यावर बसते. तेथील मोठ्यांनी आपल्या हातातली एक वस्तू सोडली नाही, म्हणून सात वर्षांच्या मुलीला अंधारात श्वास रोखून बसण्याचा धडा गिरवावा लागत आहे. दहा वर्षांचा तो कायदा दुबळा होता खरा. पण मोठ्यांनी ओझे स्वतः उचलण्याचा तो एक प्रयत्न होता. तो पुन्हा, अधिक चांगला, करणे त्यांना शक्य आहे.

निघताना मी आमच्या स्नेह्यांना विचारले, "मग त्या बाहुल्यांचे पुढे काय झाले?" ते म्हणाले, "आजीने जाऊन दिवा लावला, आणि नातीला म्हणाली, आता शाळा सुटली. पण तिने नाही ऐकले. आजी, तू बाई नाहीस, म्हणाली. बाई सांगतील तेव्हाच उठायचे असते."