तीनशे डॉलर दंड

महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं, हे बहुतेकांना माहीत असतं. चार्ल्स सम्नर हे त्याच लोकांपैकी एक, मॅसेच्युसेट्सचे सिनेटर. त्यांना भर सिनेटमध्ये कसं मारलं गेलं, हे मात्र आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

तारीख २२ मे १८५६. कामकाज तहकूब झालं होतं आणि सम्नर आपल्या बाकाशी बसून टपाल उरकत होते. दोनच दिवसांपूर्वी त्यांचं कॅन्ससमध्ये गुलामगिरी घुसवण्याविरुद्धचं लांबलचक भाषण संपलं होतं. त्यात साउथ कॅरोलायनाचे सिनेटर बटलर यांची त्यांनी यथेच्छ खिल्ली उडवली. बटलर हजर नव्हते, आणि टीका काही ठिकाणी पातळी सोडून होती, हेही मान्य करायला हवं.

बटलर यांचा नातलग प्रेस्टन ब्रुक्स हा प्रतिनिधिगृहाचा सदस्य. सभागृहात एक बाई होती, ती जाईपर्यंत तो थांबला. (काय तो सभ्यपणा!) मग सोन्याच्या मुठीच्या काठीने त्याने सम्नरच्या डोक्यावर घाव घालायला सुरुवात केली. बाक जमिनीला स्क्रूने जखडलेला, पाय त्याखाली अडकलेले, डोळ्यांत रक्त. शेवटी सम्नरनी बाकच उपसून काढला. काठी मोडली तरी ब्रुक्स मारतच राहिला. त्याचा साथीदार लॉरेन्स कीट सोडवायला येणाऱ्यांना अडवत होता.

हा ब्रुक्स मेक्सिकोच्या युद्धात पाल्मेटो रेजिमेंटचा कॅप्टन होता. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. ‘घराण्याची आणि राज्याची इज्जत राखली’ असं त्याचं म्हणणं. बसलेल्या, नि:शस्त्र माणसाला वरून मारण्यात कसली इज्जत? द्वंद्वयुद्धाचं आव्हान का दिलं नाही, तर तिकडच्या जमीनदारांच्या रीतीप्रमाणे द्वंद्व बरोबरीच्या माणसाशी करायचं, खालच्याला छडी. मळ्यावर गुलामाला जे मिळत होतं तेच त्याने सिनेटरला दिलं. पुढे बर्लिंगेम नावाच्या सदस्याने त्याला भित्रा ठरवलं, तेव्हा ब्रुक्सने आव्हान दिलं. बर्लिंगेमने ते स्वीकारून रायफली आणि नायगाऱ्याजवळची कॅनडाची जागा सुचवली. ब्रुक्स गेला नाही.

पण एकटा ब्रुक्स महत्त्वाचा नाही. असे तापट लोक प्रत्येक युनिटमध्ये सापडतात. प्रश्न युनिट काय करतं हा असतो. आमच्याकडे मेसमध्ये एका अधिकाऱ्याने दुसऱ्यावर हात उचलला, तर आधी कोण काय बोललं होतं या सबबीवर तो सुटत नाही. चौकशी बसते, शिक्षा होते. तिथे कोर्टाने ३०० डॉलर दंड करून सोडून दिलं. हकालपट्टीच्या बाजूने १२१ मतं पडली, विरोधात ९५. दोन तृतीयांश काही झाली नाहीत. ब्रुक्सने स्वतःच राजीनामा दिला, आणि मतदारांनी त्याला परत निवडून पाठवलं. वर चाहत्यांनी नव्या काठ्या भेट पाठवल्या.

मॅसेच्युसेट्सनेही जानेवारी १८५७ मध्ये सम्नरना पुन्हा निवडलं. ते बरे होऊन कामावर परतले डिसेंबर १८५९ मध्ये. तोवर त्यांची खुर्ची बहुतांश काळ रिकामीच राहिली. मला हे उत्तर आवडतं. दुर्दैवाने बाकीच्यांनी वेगळाच धडा घेतला. सदस्य पिस्तुलं घेऊन सभागृहात येऊ लागले. फेब्रुवारी १८५८ मध्ये रात्री उशिरा याच कीटवरून प्रतिनिधिगृहात अशी मारामारी जुंपली की डझनावारी सदस्य एकमेकांना गुद्दे घालत होते.

तीन वर्षांनी तोफा सुरू झाल्या. त्या युद्धात सहा लाखांहून जास्त सैनिक मेले, त्यातले बरेचसे तर रोगराईने. ब्रुक्स ते पाहायला नव्हता, तो १८५७ मध्येच आजाराने गेला. कीट मात्र वर्दी चढवून लढायला उतरला, एवढं श्रेय त्याला द्यावं लागेल. जून १८६४ मध्ये कोल्ड हार्बरला तो घोड्यावर बसून पुढे निघाला, मागे लढाईचा फारसा अनुभव नसलेली त्याची रेजिमेंट. गोळी लागली आणि दुसऱ्या दिवशी तो मेला.